थोरली शेवटी

थोरली बोलेना.

ठिपकीने फ्लॉपी बाहेर काढली, कागदी पाकिटात घातली, पुन्हा काढली, पुन्हा ड्राइव्हमध्ये सरकवली आणि खिट्टी खाली केली. ड्राइव्हने घसा खाकरल्यासारखा आवाज दोनदा काढला, मग गप्प झाला आणि टीव्हीच्या निळ्या पडद्यावर मघाचंच वाक्य पुन्हा उमटलं. एरर. वाचता येत नाही.

"असं कसं?" ती मोठ्याने म्हणाली.

घरात ऐकायला गुंडीशिवाय कुणी नव्हतं, आणि गुंडी खाटेवर दुपट्यात गुरगटून, अंगठा तोंडात धरून झोपली होती. मूल झोपलं की घरात एक वेगळाच वेळ सुरू होतो. तो आपला असतो, पण उसना. कधी परत मागितला जाईल सांगता येत नाही, म्हणून त्यात सगळंच घाईने करायचं. ठिपकीनेही आज घाईनेच केलं होतं. आणि आता टेबलावर उजव्या हाताला पाकिटांत घालून ओळीने ठेवलेल्या तीन फ्लॉप्यांकडे तिची नजर गेली. नुकत्याच न्हाऊन आलेल्या पोरींसारख्या बसल्या होत्या तिघी. स्वच्छ. कोऱ्या.



तिने संगणक बंद केला, मनातल्या मनात देवाचं नाव घेतलं, चालू केला. थोरलीला ओढणीच्या टोकाने पुसलं, तिच्यावर फुंकर घातली. ड्राइव्हला चुचकारलं, मग वरून चापट मारली. एरर. वाचता येत नाही.

या फ्लॉपीत तिच्या बाबांची अक्षरं होती. सगळी. आणि आता बाकी कुठेही नव्हती.

बाबा म्हणजे पेंटरबाबा. गावातल्या अर्ध्या दुकानांच्या पाट्या त्यांच्या हातच्या. ठिपकी हे नावही त्यांचंच. रांगतं पोर डब्याशी गेलं आणि नाकावर पिवळा ठिपका घेऊन आलं, तेव्हापासून तिचं खरं नाव फक्त शाळेच्या दाखल्यावर राहिलं. बाबांचा हात असा, की शिडीवर उभं राहून, खालच्या माणसाशी गप्पा मारत, दोरी न धरता सरळ शिरोरेषा ओढायचे. मग हाताला कंप आला. सुरुवातीला चहा सांडायचा. मग एका औषधांच्या दुकानाची पाटी रंगवताना रेघ लाटेसारखी गेली. दुकानदार काही बोलला नाही. दुसऱ्या दिवशी पाटी कोऱ्या पत्र्याची होती, एवढंच. त्या दिवशी बाबांनी ब्रश रॉकेलमध्ये धुतले, फडक्यात गुंडाळले आणि कपाटावर टाकले. नंतर कितीतरी दिवस ते उजवा हात डाव्या हाताने धरून दारात बसायचे, जसं कुणी खोडकर पोराला मनगटाशी धरून बसतं.

संगणक ठिपकीच्या नवऱ्याने आणला, त्याच्या कारखान्यातल्या साहेबाच्या पोराला नवा मिळाला म्हणून जुना: बटणांचा एक जाडसर डबा, पडदा म्हणून घरचाच टीव्ही. "तुझ्या बाबांना पत्ते खेळायला," असं म्हणाला. पत्ते राहिले बाजूला. ठिपकीने पुस्तकात बघून एक छोटा प्रोग्रॅम लिहिला: पडद्यावर चौकटींची जाळी, बाणाची बटणं दाबली की ठिपका सरकतो, लांब बटण दाबलं की चौकट भरते. बाबांचं बोट थरथरून एकच बटण दोनदा-तीनदा दाबायचं, म्हणून तिने त्यात एक ओळ घातली, की लागोपाठचं दुसरं दाबणं ऐकायचंच नाही. ती ओळ घातली त्या दिवशी बाबांनी 'क' काढला. एकेक चौकट भरत. पोटातला गोल असा गरगरीत, की ठिपकीला तिच्या लहानपणची सगळी दुकानं आठवली.

"यंत्राचा हात बरा आहे," बाबा म्हणाले. "लटपटत नाही."

तेव्हापासून दोन वर्षं हेच चाललं होतं. सकाळी अंघोळ, चहा, आणि मग खुर्चीत. स्वर झाले, व्यंजनं झाली, जोडाक्षरांनी जीव खाल्ला. एका 'क्ष'साठी आठवडाभर धुसफूस. आणि ही अक्षरं ज्या फ्लॉपीत राहत होती तिचं नाव थोरली. नवं अक्षर लिहून झालं की तिच्या कडेच्या खाचेवर चंदेरी पट्टी चिकटवायची, म्हणजे चुकूनही तिच्यावर काही लिहिलं जाणार नाही. तिच्या तीन नकला: मधली, धाकटी आणि शेंडेफळ. फ्लॉपीवरचं हळूहळू विरत जातं असं पुस्तकात लिहिलं होतं, म्हणून दर दोन-तीन महिन्यांनी ठिपकी नकला पुन्हा ताज्या करायची. आधी एकेकीला फॉरमॅट करून साफ पुसायची, मग थोरलीतून भरायची. घरात याला अंघोळ म्हणत. "आज पोरींची अंघोळ आहे," असं बाबा सांगायचे आणि स्वतः खुर्चीवरून उठायचे. हे काम फक्त ठिपकीचं.

आणि अंघोळीचा नियम एकच, बाबांनीच घातलेला. थोरली शेवटी. जितक्या वेळा वाचावी तितकी ती झिजणार, तिला उगाच उठवायचं नाही. आधी तिघींना एका दमात न्हाऊ घालायचं, ओळीने बसवायचं, मग थोरलीला एकदाच उठवून भरून घ्यायचं.

आज ठिपकीने नियमाने केलं होतं. शिस्तीत, नेहमीसारखं.

आज तर जास्तच शिस्तीत, कारण संध्याकाळी केबलवाला येणार होता. त्याचं नवं स्थानिक चॅनेल उद्या सुरू होणार. मधल्या वेळात जाहिराती, सूचना, वाढदिवसाच्या शुभेच्छा, सगळं संगणकावरून टीव्हीवर दाखवायचं आणि त्याला अक्षरं हवी होती. बाबांची बघितली आणि पागल झाला. "काका, घराघरांत तुमचंच अक्षर!" पण त्याची फ्लॉपी यांच्या ड्राइव्हला वाचता येईना आणि यांची त्याच्या. "तुमचं यंत्र आजारी आहे," असं म्हणून त्याने चौकातल्या टीव्हीवाल्याचं नाव सुचवलं. टीव्हीवाल्याने ड्राइव्ह ठेवून घेतला, काल परत दिला, आणि स्वतःची फ्लॉपी घालून दाखवलीही. लोण्यासारखी चालली. आज अंघोळीच्या वेळी तर ड्राइव्ह इतका मऊ आवाज करत होता, की ठिपकीला वाटलं, आधीच दुरुस्त करून घ्यायला हवा होता.

दार वाजलं. बाबा आले होते. न्हाव्याकडून. गाल गुळगुळीत, मानेवर पावडरीचा पांढरा पट्टा, आणि अंगात इस्त्रीचा शर्ट.

"झाली का अंघोळ?"

ठिपकी खुर्चीवरून उठली.

"बाबा, थोरली उघडत नाहीये."

"रुसली असेल. मधलीला विचार."

"मधलीला धुतली."

"मग धाकटी."

"तिलाही."

बाबा चपला काढता काढता थांबले. एक पायात, एक हातात. "शेंडेफळ?"

ठिपकीने नुसती मान हलवली.

बाबांनी हातातली चपल खाली ठेवली. नीट, भिंतीला लावून. खुर्चीपाशी आले, बसले नाहीत. तीन पाकिटांकडे बघितलं, पडद्याकडे बघितलं. मग त्यांनी डाव्या हाताची पकड सोडली. एवढी वर्षं चारचौघांत मनगटाशी धरून ठेवलेला तो उजवा हात टेबलावर टेकला आणि आपला आपण थडथडायला लागला. त्या थडथडीने पाकिटं सळसळू लागली.

"माझा हात धुऊन टाकलास गं, ठिपके," ते म्हणाले.

ओरडले असते तर बरं झालं असतं. ठिपकीला रडूही येईना. तिला लहानपणी एकदा शिडीवरून पडल्यावर झालं होतं तसं झालं. दुखत नव्हतं, फक्त श्वास कुठे ठेवला ते सापडत नव्हतं. आपण माफी मागायला हवी, हे तिला कळत होतं. पण 'चुकले' हा शब्द त्या हातापुढे इतका बारीक वाटला, की तोंडातून काढायची लाज वाटली.

"टीव्हीवाल्याकडे जाते," ती म्हणाली. "आत्ता."

"मी येतो."

"तुम्ही कशाला, केबलवाला येईल—"

"येऊ दे. काय दाखवू त्याला? गाल?"

गुंडी उठली होती आणि दुपटं काढून घेतलं म्हणून तिने भोकाड पसरलं होतं, कारण संगणक त्या दुपट्यात बांधला. ठिपकीने गुंडीला कडेवर घेतलं, संगणकाचं गाठोडं काखोटीला मारलं, ड्राइव्ह आणि तिन्ही पाकिटं पिशवीत. थोरली बाबांनी शर्टाच्या आत, छातीशी धरली. शेजारीण दारात होती, तिला सांगितलं, केबलवाला आला तर टीव्हीवाल्याकडे पाठवा.

"बाई गं, बिऱ्हाड बदलताय की काय?" शेजारीण म्हणाली.

टीव्हीवाल्याचं दुकान म्हणजे जिन्याखालची जागा. पाठ उघड्या टाकलेले टीव्ही, त्यांच्या तारा बाहेर, आणि मधोमध टीव्हीवाला, कपाळावर भिंग चढवून.

"काय ताई, चाललाय ना झकास? पट्टीसारखा सरळ केलाय."

"आमची फ्लॉपी वाचत नाही."

"वाचणारच नाही," टीव्हीवाला म्हणाला.

इतक्या सहज म्हणाला, जसं 'आज बुधवार आहे' म्हणावं. ठिपकी बघतच राहिली.

"म्हणजे?"

"अहो, तुमच्या ड्राइव्हचं डोकं वाकडं होतं. ओळीच्या जरा बाजूने चालायचं. लिहायचंही बाजूने, वाचायचंही बाजूने. त्यामुळे तुमचं तुम्हाला कळायचं, दुसऱ्याला नाही. नवरा-बायकोचं कसं, त्यांची भांडणं त्यांनाच कळतात, तसं. मी त्याला ओळीवर आणलं. आता जगाचं वाचेल. जुनं वाकडं लिहिलेलं कसं वाचेल?" मग तिचा चेहरा बघून त्याने कपाळावरचं भिंग काढून ठेवलं. "तुम्ही आधीच नकला करून ठेवल्या असतील ना?"

"म्हणजे ही बिघडलेली नाही?" बाबांनी शर्टातून थोरली काढली.

"काहीच झालं नाही तिला, पेंटरकाका. ठणठणीत असणार."

"आणि बाकीच्या तिघी?" ठिपकीने विचारलं. उत्तर तिला माहीत होतं.

"त्याही असतील की चांगल्या. आणल्यात का?"

ठिपकी तिथल्या स्टुलावर बसली. गुंडी तिच्या कानातलं ओढत होती, ते तिला कळत नव्हतं. तिघीही धडधाकट होत्या. तिने चांगल्या, बोलत्या, भरलेल्या तिघींना एकामागून एक पाण्यात धरलं होतं आणि वर म्हटलं होतं, किती मऊ आवाज येतोय.

"मग वाकडा कर परत," बाबा म्हणाले.

"ड्राइव्ह?"

"नाहीतर काय, मी? होता तसा कर. एकदा वाचून घेऊ."

टीव्हीवाल्याने डोकं खाजवलं. "होता तसा म्हणजे किती?"

"तू सरळ केलास ना? तुला माहीत."

"काका, सरळ कुठे आहे ते माझ्या फ्लॉपीवरून कळतं. वाकडं किती होतं, ते कोण बघून ठेवतं? स्क्रू सैल केला, फिरवला, जागेवर आला, आवळला. खूण नाही केली." तो आता खजील झाला होता. "सांगायला हवं होतं तुम्हाला. मला वाटलं, संगणक वापरणाऱ्यांना माहीत असतं."

मग टीव्हीवाल्याने संगणक जोडला, एक उघडा टीव्ही पडदा म्हणून लावला, ड्राइव्हचं झाकण काढलं आणि आतल्या मोटरचे स्क्रू सैल केले. मोटरच्या कडेला एक खाच होती, तीत स्क्रूड्रायव्हरचं टोक घालून जरा फिरवलं की डोकं सरकणार. थोरली आत गेली. ठिपकीने बटण दाबलं.

एरर.

डावीकडे जरा. एरर. आणखी जरा. एरर. उजवीकडे. त्याचा हात घट्ट होता, अडचण तीच होती. तो एका जागेवरून दुसऱ्या जागेवर उडी मारायचा आणि ती जागा, जिथे थोरली बोलणार होती, त्या दोन उड्यांच्या मधे कुठेतरी राहून जायची. "केसाएवढं काम आहे," तो पुटपुटला. घाम पुसला. "केसाच्या पण चतकोर." ड्राइव्ह प्रत्येक वेळी पुन्हा पुन्हा चाचपून बघायचा, टक टक करायचा आणि हात टेकायचा.

"फार वेळ घासत ठेवलं तर फ्लॉपी जायची," शेवटी तो म्हणाला. "थांबू या का?"

"दे इकडे," बाबा म्हणाले.

"काय?"

"पेचकस."

टीव्हीवाल्याने ठिपकीकडे बघितलं. मग बाबांच्या हाताकडे. आणि लगेच नजर काढून घेतली. "काका, रागावू नका, पण अहो, बारीक काम आहे. तुमचा हात..."

"माझ्या हाताचं मला सांगू नकोस. आता घालवायला राहिलंय काय?"

बाबांनी पेचकस घेतला. टोक खाचेत बसवायलाच बराच वेळ गेला. तीनदा घसरलं, एकदा टीव्हीवाल्याच्या अंगठ्याला लागलं. मग बसलं. बाबांनी हात दाबून धरला नाही. सोडून दिला. दारात बसताना जो धरून ठेवायचे तो हात त्यांनी मोकळा सोडला आणि तो थरथरायला लागला, आणि त्याच्याबरोबर पेचकस, आणि पेचकसाबरोबर मोटर, इकडे केसभर, तिकडे केसभर.

"दाब," बाबा म्हणाले.

ठिपकीने बटण दाबलं.

ड्राइव्ह घरघरला. टक. टक. थांबला. ठिपकीने डोळे मिटले. आणि मग तिला तो आवाज ऐकू आला: खर्र. मऊ नव्हे, लोण्यासारखा नव्हे. जुना, खरखरीत, दोन वर्षं रोज सकाळी ऐकलेला. खर्र. टक टक. खर्र.

"आबा गुर्र!" गुंडी म्हणाली आणि टाळ्या पिटल्या.

"हलू नका," टीव्हीवाला कुजबुजला, मग आपण काय बोललो ते कळून जीभ चावली. "म्हणजे, हलत राहा, काका. हलत राहा."

ड्राइव्ह एका तुकड्यापाशी अडायचा, पुन्हा पुन्हा चाचपायचा आणि हात एका बाजूकडून दुसऱ्या बाजूकडे जाता जाता कधीतरी नेमक्या जागेवरून जायचा, तेवढ्या निमिषात ड्राइव्ह तो तुकडा उचलायचा. मग पुढचा. मग पुढचा. बाबांच्या कपाळावरून घाम पावडरीत उतरला. ते पडद्याकडे बघतच नव्हते. ठिपकी बघत होती. आधी प्रोग्रॅमची जाळी आली. मग तिच्याखाली, पहिल्या ओळीत, गरगरीत पोटाचा 'क'.

तिला हसू आलं की काय झालं, तिलाच कळलं नाही. तोंडातून काहीतरी विचित्र आवाज निघाला आणि टीव्हीवाला दचकला.

'ख'. 'ग'. ओळीच्या ओळी. बाबांनी ज्याच्यावर आठवडा घालवला होता तो 'क्ष'. सगळी आली. फक्त एका जागी अक्षराऐवजी मुंग्यांचं वारूळ फुटल्यासारखे ठिपके होते. तेवढा तुकडा काही केल्या उचलला गेला नाही.

"'ळ' गेला," ठिपकी म्हणाली.

बाबांनी पेचकस काढला आणि टीव्हीवाल्याच्या हातात दिला. आता कुठे त्यांनी पडद्याकडे बघितलं. बराच वेळ.

"आता नीट ऐका," टीव्हीवाला म्हणाला. त्याचा आवाजच बदलला होता. "अक्षरं आता फक्त ह्या डब्याच्या डोक्यात आहेत. वीज गेली, वायर हलली, संपलं. थोरली पुन्हा बोलेल याचा भरवसा मी देत नाही. संगणक चालूच ठेवायचा. ड्राइव्हची वायर वेगळी आहे, तेवढा मी बंद करतो, सरळ करतो, मग लिहून घेऊ. ताई, बाळाला धरा. दोन्ही हातांनी."

ठिपकीने गुंडीला पोटाशी आवळलं. टीव्हीवाला भिंतीवरच्या बटणापुढे पाठ करून बसला, म्हणजे कुणाचा धक्काही लागू नये, आणि तिथेच मांडीवर ड्राइव्ह घेऊन स्क्रू फिरवू लागला. बाबांनी स्टूल पुढे ओढलं. लांब बटणावर बोट ठेवलं.

"काय करताय?" ठिपकीने विचारलं.

"'ळ' काढतो."

"आत्ता? आधी आहे ते लिहून घेऊ, बाबा. 'ळ' घरी—"

"ड्राइव्ह त्याच्या मांडीवर आहे. मी काय माश्या मारू?"

तेवढ्यात केबलवाला आला, गाडी भिंतीला लावून, दोन्ही हातांत फ्लॉप्या. काय झालं ते टीव्हीवाल्याने त्याला जागेवरून न उठता सांगितलं. केबलवाल्याने डोक्याला हात लावला, घड्याळ बघितलं, पडदा बघितला.

"एकच अक्षर ना? काका, सोडा की. 'ळ'च्या जागी 'ल' वापरू. लोकांना कळतं."

बाबांनी मान वळवली नाही. "असं कर, तूही उद्यापासून लोकांना सांग, की वेल झाली, आता कार्यक्रम बघा. कळतं लोकांना."

टीव्हीवाला मांडीवर ड्राइव्ह धरून हसू दाबत होता. पाठ हलली तर बटण हलेल म्हणून त्याला नीट हसताही येईना. केबलवाला गुपचूप दारात उकिडवा बसला.

एकेक चौकट भरत होती. बाबांचं बोट थरथरत दोनदा पडायचं आणि यंत्र एकदाच ऐकायचं. डावं वाटोळं झालं. बाबांनी पुसलं, पुन्हा केलं. ठिपकी श्वास रोखून वायरीकडे बघत होती. दिवा एकदा मंदावला, कुठेतरी मोठं यंत्र सुरू झालं असावं, आणि चौघांच्या तोंडून एकदमच "हं" असा आवाज निघाला. दिवा पुन्हा नीट झाला. बाबांचं बोट तेवढं थांबलं नव्हतं.

"घे," शेवटी ते म्हणाले.

ड्राइव्ह जोडला. ठिपकीने पिशवीतून शेंडेफळ काढलं. सरळ झालेल्या ड्राइव्हमध्ये दुपारीच न्हालेलं, कोरं, तयार. तिच्या हातून झालेली अंघोळ तेवढी कामाला आली. लिहून झालं, तपासून बघितलं, उघडलं. मग धाकटी, मग मधली. मग केबलवाल्याची. तो ती घेऊन असा पळाला, की आभार वाटेतूनच ओरडला.

परत येताना गाठोडं टीव्हीवाल्याने उचललं होतं, ठिपकी आणि बाबा मागून चालत होते, गुंडी खांद्यावर झोपलेली. ठिपकीने दोनदा तोंड उघडलं. "बाबा, मी—"

"न्हावी आज कल्ले वर-खाली कापून बसलाय," बाबा म्हणाले. "उद्या जाऊन सांगतो."

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी शेजारीण, तिची सासू आणि कामावरून आलेला ठिपकीचा नवरा, सगळे टीव्हीपुढे दाटीवाटीने बसले. नवरा म्हणाला, "बाबांना पत्ते खेळायला यंत्र मी आणलं होतं, लक्षात ठेवा." चॅनेल सुरू झालं. केबलवाल्याचं भाषण झालं, त्यात तो घाबरून दोनदा स्वतःचं नाव चुकला. मग सिनेमा लागला. नायक दारात उभा राहून काहीतरी सांगणार, एवढ्यात त्याचं तोंड वाकडं झालं, मान लांब झाली आणि पडदा काळा पडला. केबलवाल्याची कॅसेट अडकली होती.

"झालं!" शेजारणीची सासू म्हणाली. "पहिल्याच दिवशी."

मग काळ्यावर निळा रंग आला. निळ्यावर पांढरी अक्षरं, मोठी, गरगरीत, पडदाभर.

व्यत्ययाबद्दल क्षमस्व.
थोड्याच वेळात पुन्हा भेटू.

ठिपकी खिडकीपाशी होती. समोरच्या घरात तीच निळाई होती, त्याच्या पलीकडच्या घरातही, आणि कोपऱ्यावरच्या औषधांच्या दुकानात काउंटरवरच्या छोट्या टीव्हीतसुद्धा. दुकानदार हातातली बाटली तशीच धरून वाचत होता.

"'क्ष' चांगला आलाय," बाबा म्हणाले. "'ळ' जरा डावीकडे झुकला."

"नाही झुकला."

"झुकलाय. नीट बघ." थोडं थांबून ते म्हणाले, "ठिपके, तू कालपासून काहीतरी बोलणार होतीस ना?"

ठिपकीने मान खाली घातली.

"मग वाच की," बाबांनी हनुवटीने टीव्हीकडे खूण केली. "मोठ्याने वाच. पहिली ओळ."

तिने वाचली. मधेच आवाज फुटला, म्हणून पुन्हा पहिल्यापासून वाचावी लागली. शेजारणीला काही कळलं नाही. तिला वाटलं, बापाचं कौतुक म्हणून पोरगी रडते आहे. आणि तेही खोटं नव्हतं.

"आता पुढच्या अंघोळीला," बाबा म्हणाले, "आधी थोरलीला हाक मारायची. ती बोलली, तरच बाकीच्यांना पाणी."

त्यांचा उजवा हात मांडीवर मोकळाच होता. गुंडी सरकत सरकत आली, त्या हाताखाली डोकं घातलं आणि तो जसा हलत होता तसा तिच्या केसांवरून हलत राहिला. नायक अजून परत आला नव्हता.